रोबोकॉनची नवी टीम काढताय? या चुका टाळा

रोबोकॉन म्हणजे कॉलेजच्या टीमांनी रोबोट बनवून खेळायची स्पर्धा; देशात जिंकलेली टीम आशिया-पॅसिफिक देशांच्या स्पर्धेत जाते. नव्या टीमचा पहिला आठवडा बहुतेक सारखाच जातो. सगळे एकत्र बसून यूट्यूबवर जपानी, चिनी, व्हिएतनामी टीमचे रोबोट बघतात आणि 'आपण पण असाच बनवू' असं ठरतं. त्या टीमकडे अनेक वर्षांचा साठा आहे आणि तुमच्याकडे एक सोल्डरिंग गन. आधी नियमपुस्तिका वाचा, पेन्सिल हातात घेऊन, आणि प्रत्येकानं वाचा. अलीकडच्या पुस्तिकांत वजन ५० किलो, बॅटरी २४ व्होल्ट, हवेचा दाब ६ बार अशा मर्यादा असतात. ५० किलो एका रोबोटचे नाहीत, सगळ्या रोबोटांचे मिळून आहेत, बॅटरी आणि रिमोटसकट. हे शेवटच्या महिन्यात कळलं की करवत घेऊन अ‍ॅल्युमिनियमचे सेक्शन कापत बसावं लागतं.

खेळ दरवर्षी बदलतो, यजमान देश तो ठरवतो. २००८ मध्ये रोबोकॉनची आशिया-पॅसिफिक स्पर्धा पुण्यात झाली तेव्हा खेळ गोविंदाच्या दहीहंडीवर बेतलेला होता. त्यामुळे सिनियरांचा जुना रोबोट रंगवून नेणं जमत नाही. पण चार चाकांचा बेस, मोटर ड्रायव्हर (मोटरला करंट पुरवणारं सर्किट), रिमोटचा कोड या गोष्टी पुढच्या वर्षी उपयोगी पडतात. पहिल्या वर्षी कष्ट तिथे घाला. हात, पकड, फेकण्याची यंत्रणा साधी ठेवा. कमी गुण मिळवणारा पण दर वेळी चालणारा रोबोट केव्हाही बरा.

आता खरा विषय: रोबोट बिघडला की नवी टीम आधी कोड उघडते. उघडू नका. मल्टीमीटर घ्या.

मोटर सुरू होताच कंट्रोलर (कोड चालवणारा बोर्ड) रिसेट होतोय? एकदम जास्त करंट ओढला गेल्यानं व्होल्टेज खाली बसतोय. कंट्रोलरला वेगळा बक कन्व्हर्टर (व्होल्टेज कमी करून देणारं सर्किट) द्या, नाहीतर वेगळी छोटी बॅटरी. एक मोटर वेड्यासारखी वागतेय? मोटर ड्रायव्हर आणि कंट्रोलरचा ग्राउंड (बॅटरीच्या ऋण टोकाची वायर) एक आहे का बघा. आमच्या पहिल्या वर्षी आम्ही दोन रात्री पीआयडीची (मोटरचा वेग नेमका ठेवणाऱ्या कोडची) गणितं बदलत बसलो होतो, आणि दोष एका न जोडलेल्या काळ्या वायरचा होता. एन्कोडरचे (मोटर किती फिरली ते मोजणाऱ्या सेन्सरचे) आकडे उड्या मारत असतील तर त्याची वायर मोटरच्या वायरीला चिकटून गेली असणार. ती लांबून न्या, पीळ घालून. आणि वायर नुसती पिळून टेप लावणारा टीममध्ये असेल तर त्याला आधी क्रिम्पिंग (वायरवर कनेक्टर दाबून बसवणं) शिकवा. टेप सुटतेच.

वायरिंगइतकाच संशय यांत्रिक भागावरही घ्या. मोटर फिरते पण चाक घसरतं, म्हणजे ग्रब स्क्रू (चाक शाफ्टला धरून ठेवणारा छोटा स्क्रू) ढिला आहे. शाफ्टला सपाट कड पाडा, थोडं लॉकटाइट (स्क्रू ढिला होऊ न देणारा गोंद) लावा. मेकॅनम चाकं (तिरके रोलर असलेली, रोबोटला आडवंही नेणारी) बसवताना वरून पाहिल्यावर चारही चाकांच्या रोलरांचा मिळून 'एक्स' दिसला पाहिजे. तसा दिसत नसेल तर रोबोट आडवा सरकण्याऐवजी जागच्या जागी भलतंच काही करेल.

लिपो (लिथियम पॉलिमर) बॅटरीशी मात्र चेष्टा नको. पूर्ण चार्ज झालेला सेल ४.२ व्होल्टचा असतो. तीनच्या खाली नेला की तो खराब होतो. फुगलेली बॅटरी 'अजून एक मॅच चालेल' म्हणून लावू नका, आणि चार्जर लावून झोपायला तर मुळीच जाऊ नका.

खरेदीबद्दल एवढंच: कनेक्टर, फ्यूज, वायर पुण्यात बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला त्याच दिवशी मिळतील. बाहेरून मागवलेल्या मोटरला आठवडे लागतात, म्हणून ती आधी मागवा आणि एक जास्तीची मागवा.

सगळ्यात महागात पडणारी चूक माणसांची. सगळं काम अंतिम वर्षाच्या दोघांकडे, आणि ऐन हंगामात त्यांच्या प्लेसमेंटच्या मुलाखती! दुसऱ्या वर्षातली मुलं पहिल्या दिवसापासून हाताशी घ्या, नुसते स्क्रू आवळायला नाही, वायरिंगचा नकाशा काढायलाही. रिमोटवर रोबोट चालवणारा ड्रायव्हर मात्र मैत्रीनं ठरवू नका. घड्याळ लावून प्रत्येकाला दहा फेऱ्या मारायला द्या. कोड ज्यानं लिहिला तोच सगळ्यात हळू निघाला, असं आमच्याकडे झालं होतं, आणि तो आठवडाभर बोलला नव्हता.