यहुदी हायस्कूलमध्ये शिकवायला जाताय? आधी त्यांचं पंचांग समजून घ्या

न्यू जर्सी-न्यू यॉर्कच्या पट्ट्यात राहायला आलेल्या आपल्याकडच्या कितीतरी जणींकडे एम.एस्सी., बी.एड. असतं, काम करायची परवानगीही मिळालेली असते आणि शिकवायची मनापासून इच्छा असते. सरकारी शाळेसाठी राज्याचं प्रमाणपत्र लागतं आणि त्यात बराच वेळ जातो. खाजगी यहुदी हायस्कूलमध्ये ती अट बहुधा नसते, पण हा पर्याय फार थोड्या जणींना सुचतो. मी न्यू जर्सीच्या बर्गन काउंटीतल्या अशाच एका मॉडर्न ऑर्थोडॉक्स, म्हणजे धर्माचे नियम पाळून आधुनिक शिक्षणही देणाऱ्या, शाळेत फिजिक्स शिकवते. ‘त्यांच्या धर्माच्या शाळेत आपलं काय काम?’ असं मला अजूनही विचारलं जातं. काम भरपूर असतं. दिवसाची सुरुवात प्रार्थनेने होते. मग तोरा आणि तालमूद हे धर्मग्रंथ, हिब्रू भाषा आणि उरलेल्या वेळात गणित, विज्ञान, इंग्रजी, इतिहास. हे दुसरे विषय शिकवणाऱ्यांत यहुदी नसलेले बरेच जण असतात. दोन अभ्यासक्रम एका दिवसात बसवायचे म्हटल्यावर शाळा संध्याकाळी पाच-साडेपाचपर्यंत चालते, त्यामुळे मुलं थकलेली असतात हे पहिल्या दिवसापासून लक्षात ठेवा.

शिकवणं तुम्हाला येतंच. इथे रुळायचं असेल तर जिममधल्या मॅचेस, सण, उपवास आणि कुणाच्या घरचं सुखदुःख, या सगळ्यात तुम्ही दिसायला हव्यात. आणि ते सगळं त्यांच्या पंचांगावर चालतं.

हे पंचांग आपल्याला पटकन कळतं, हा आपला मोठा फायदा आहे. महिने चांद्र, अमावास्येनंतर सुरू होणारे. ऋतूंशी मेळ राहावा म्हणून 19 वर्षांत 7 अधिक महिने. अमेरिकन सहकाऱ्यांना ‘यंदा सण लवकर आले’ याचं कोडं पडतं, आपल्याला अधिक मास म्हटलं की पुरतं. त्यांच्या तिश्री महिन्याची पहिली तारीख म्हणजे रोश हशाना, त्यांचं नवं वर्ष. दहावीला योम किप्पूर, म्हणजे प्रायश्चित्ताचा आणि उपवासाचा दिवस, पंधरावीला सुक्कोत हा मांडवांचा सण. आता आपला आश्विन आठवा: प्रतिपदेला घटस्थापना, दशमीला दसरा, पौर्णिमेला कोजागरी. 2024 मध्ये 12 ऑक्टोबरला दसराही होता आणि योम किप्पूरही. 2025 मध्ये 2 ऑक्टोबरला पुन्हा तसंच, आणि 6 ऑक्टोबरला आपली कोजागरी होती त्याच संध्याकाळी सुक्कोत सुरू झाला. दसऱ्याला रजा न मागता घरी राहायला मिळणं ही परदेशात किती मोठी गोष्ट आहे हे वेगळं सांगायला नको. 2026 मध्ये मात्र आपला अधिक ज्येष्ठ आधी येतो आणि त्यांचा अधिक महिना 2027 च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये, त्यामुळे रोश हशाना 12 सप्टेंबरला, गणेश चतुर्थीच्या दोन दिवस आधी. तिश्रीनंतरच्या हेश्वान महिन्यात एकही सण नसतो. शाळा सलग चालण्याचे ते दिवस, आणि दिवाळी पुष्कळदा तिथेच येते. दिवाळीची रजा हवी असेल तर ऑगस्टमध्येच बोलून ठेवा. कारण सांगितलंत की सणासाठीची रजा ही गोष्ट तिथल्या मुख्याध्यापकांना समजावून द्यावी लागत नाही.

नवीन शिक्षकांच्या लक्षात न येणारी गोष्ट म्हणजे सण हा अभ्यासाचा वेळ नव्हे. रोश हशानाचे दोन दिवस, योम किप्पूर, सुक्कोतचे पहिले दोन आणि शेवटचे दोन दिवस, तसंच प्रत्येक शब्बात, म्हणजे शुक्रवार संध्याकाळ ते शनिवार रात्र हा आठवड्याचा विश्रांतीचा दिवस: या दिवसांत लिहायचं नाही, लॅपटॉप उघडायचा नाही, गाडी चालवायची नाही. ‘चार दिवस सुट्टी आहे, तेवढ्यात प्रोजेक्ट करून टाका’ हे वाक्य इथे निरर्थक ठरतं. शब्बात शुक्रवारी सूर्यास्ताच्या 18 मिनिटं आधी मेणबत्त्या लावून सुरू होतो. डिसेंबरात इथे साडेचारला सूर्य मावळतो, म्हणून शुक्रवारी शाळा दुपारीच सुटते, आणि शुक्रवारचा शेवटचा तास हिवाळ्यात फार छोटा असतो. अवघड धडा बुधवारी घ्या. शुक्रवारी संध्याकाळी पाठवलेली ईमेल शनिवारी रात्र पडल्याशिवाय कुणी पाहत नाही. त्यात दुर्लक्ष काही नाही, म्हणून पुन्हा पाठवू नका.

आता खेळ. मला खेळातलं फारसं कळत नव्हतं, पण बास्केटबॉल काय असतो हे या शाळेने मला दाखवलं. न्यू यॉर्क-न्यू जर्सीतल्या यहुदी शाळांची स्वतःची लीग आहे, मुलं तिला नुसतं ‘यशिवा लीग’ म्हणतात (यशिवा म्हणजे धर्मशिक्षण देणारी यहुदी शाळा). इतर लीगमध्ये शुक्रवारी रात्री आणि शनिवारीही मॅचेस असतात, आणि नेमके तेच इथे बंद. म्हणून मॅचेस आठवड्यातल्या रात्री, रविवारी किंवा हिवाळ्यात शनिवारी अंधार पडल्यावर. शाळा पाचनंतर सुटते, मॅच साडेसातला, मुलगा घरी पोहोचतो दहा-साडेदहाला. टीमचं वेळापत्रक मागून घ्या आणि चाचणीची तारीख ठरवताना समोर ठेवा. ‘उद्या मॅच आहे, म्हणून टेस्ट गुरुवारी घेतेय’ असं मी वर्गात म्हणते तेव्हा मागच्या बाकांवरचे चेहरे एकदम खुलतात, आणि गुरुवारी अभ्यासही बरा करून येतात.

एक तरी घरची मॅच पाहायला जाच. मुलांच्या डोक्यावरचा किप्पा, म्हणजे छोटी गोल टोपी, दोन-दोन क्लिपांनी केसांत घट्ट बसवलेला असतो, तरी धावताना निसटतो. खेळाडू पळता पळता एका हाताने तो उचलतो, बेंचकडे भिरकावतो आणि बचावाला परततो. त्याच्या जर्सीखालून तित्सितचे, म्हणजे आतल्या धार्मिक वस्त्राच्या कोपऱ्यांचे, पांढरे धागे बाहेर लोंबत असतात. काही शाळांत मुली लेगिंग्जवर स्कर्ट घालून खेळतात, आणि खेळताना त्यांचा वेग जराही कमी नसतो. शिट्टी वाजून मॅच संपली की मला सगळ्यात आवडणारा क्षण येतो. आताच एकमेकांना ढकलणारे दोन्ही संघ, घामाने निथळत, जिमच्या एका बाजूला पूर्वेकडे तोंड करून उभे राहतात आणि रात्रीची मारिव प्रार्थना एकत्र म्हणतात. हरलेल्या संघातला एखादा मुलगा डोळे पुसत पुसत म्हणत असतो. त्या वेळी आपण गप्प उभं राहायचं, फोन खिशात ठेवायचा. दुसऱ्या दिवशी त्याच मुलाला वर्गात ‘दुसऱ्या हाफमधला तुझा पास छान होता’ एवढं म्हणा. वर्षभर तो तुमचं ऐकेल.

मार्चच्या सुमाराला ‘साराचेक’ हे नाव कानावर येईल. मॅनहॅटनमधलं यशिवा विद्यापीठ ही स्पर्धा भरवतं, नाव त्यांचे जुने कोच रेड साराचेक यांचं. अमेरिकाभरच्या यहुदी हायस्कूलचे संघ येतात, मधला शब्बात सगळे खेळ थांबवून तिथेच एकत्र काढतात आणि मग पुन्हा एकमेकांना भिडतात. त्या आठवड्यात वर्ग अर्धा रिकामा असतो आणि उरलेला अर्धा चोरून स्कोर बघत असतो. नवा धडा सुरू करू नका.

या मुलांशी बोलायला दोन गोष्टी माहीत हव्यात. एक, 1965 च्या बेसबॉलच्या वर्ल्ड सिरीजची पहिली मॅच योम किप्पूरला आली आणि लॉस एंजेलिसच्या डॉजर्स संघाचा सर्वोत्तम पिचर (चेंडू टाकणारा), यहुदी असलेला सँडी कूफॅक्स त्या दिवशी खेळला नाही. सातवी, निर्णायक मॅच त्यानेच जिंकून दिली. त्यांच्या आजोबांपासून ही गोष्ट घराघरांत सांगितली जाते. दुसरी 2012 ची, ह्यूस्टनच्या बेरेन अकॅडमी या यहुदी शाळेच्या बास्केटबॉल संघाची. टेक्ससच्या खाजगी शाळांच्या स्पर्धेत त्यांची सेमीफायनल शुक्रवारी रात्री लावली होती. शाळा माघार घ्यायला तयार झाली, पण शब्बातला खेळणार नाही म्हणाली. शेवटी पालक कोर्टात गेल्यावर मॅच दुपारी घेतली गेली, आणि ती त्यांनी जिंकली. फायनल शनिवारी शब्बात संपल्यावर झाली, त्यात ते हरले. माझ्या वर्गातल्या मुलांना हरल्याचं काही वाटत नाही, ते सेमीफायनलबद्दलच बोलतात. क्रिकेटचा विषय निघाला तर आपल्या मुंबईचे कसोटी पंच ज्यूडा रूबेन यांचं नाव सांगा. ते बेने इस्रायली, म्हणजे कोकणातल्या मराठी यहुद्यांपैकी होते हे ऐकून स्टाफरूममधले राबाय (धर्मगुरू)सुद्धा खुर्ची पुढे ओढतात.

डब्याबद्दल नवीन लोक हमखास चुकीचं गृहीत धरतात. ‘मी शाकाहारी आहे, मग माझा डबा चालेलच’ हे बरोबर नाही. कोशरमध्ये, म्हणजे खाण्यापिण्याच्या यहुदी नियमांत, पदार्थाइतकंच भांडं आणि स्वयंपाकघरही मोजलं जातं. घरचं थालीपीठ बहुतेक शाळांत कुणाला वाटता येणार नाही, आणि काही ठिकाणी आणताही येणार नाही. पहिल्याच दिवशी नियम विचारा. अख्खी, न कापलेली फळं आणि कोशर शिक्का असलेले बंद पाकिटातले पदार्थ बहुधा चालतात. मायक्रोवेव्हवर ‘डेअरी’, ‘मीट’ लिहिलेलं असतं, ते न वाचता काही आत ठेवू नका. पेसाह या वसंतातल्या सणाच्या आधी नियम आणखी कडक होतात: गहू वगैरे धान्यांचं फुगलेलं सगळं हद्दपार, आणि युरोपीय वंशाच्या घरांत भात-डाळीही त्या आठवड्यात बंद.

पुरीम फाल्गुनातल्या पौर्णिमेच्या आसपास येतो, पुष्कळदा होळीबरोबरच. मुलं वेश करून येतात, एस्तेरची पोथी वाचताना त्यातल्या हामान या खलनायकाचं नाव आलं की खुळखुळे वाजवून, पाय आपटून ते नाव बुडवतात, आणि नाटुकल्यात शिक्षकांच्या नकला करतात. तुमची नक्कल झाली तर समजा की तुम्ही शाळेतल्या झालात. कधीतरी अचानक ‘कलर वॉर’ही फुटतो. तासाच्या मध्येच संगीत, आरडाओरडा, आणि पुढचे दोन दिवस शाळा रंगांच्या संघांत वाटलेली. तुम्हाला एक रंगाचा टीशर्ट मिळेल, तो घाला आणि रस्सीखेचीला दोराला हात लावा. पेसाहनंतरच्या ओमेरच्या, म्हणजे एक एक दिवस मोजत जाण्याच्या सात आठवड्यांत मात्र उलट: बरीच मुलं केस कापत नाहीत, दाढी वाढवतात, संगीत ऐकत नाहीत. नंतर त्यातल्याच तेहेतिसाव्या दिवशी, लाग बाओमेरला, मैदानावर खेळ आणि शेकोट्या. योम हाझिकारोनला, म्हणजे इस्रायलच्या शहीदांच्या स्मरणदिनी, सभागृहात बसा, पुढे जाऊन काही बोलायची गरज नाही. अनेक घरांतली माणसं इस्रायलमध्ये आहेत.

एक प्रसंग असा येईल ज्यासाठी कुणी तयारी करून घेत नाही. विद्यार्थ्याच्या घरी मृत्यू झाला की घरचे सात दिवस शिवा, म्हणजे सुतकासारखा शोक, पाळतात, आणि वर्गच्या वर्ग भेटायला जातो. तुम्हीही जा. बेल वाजवू नका, दार उघडंच असतं. फुलं नेऊ नका. शोकातली माणसं बुटक्या खुर्च्यांवर बसलेली असतात. त्यांनी बोलायला सुरुवात करेपर्यंत आपण बोलायचं नसतं. त्या मुलीने मान वर केली, तुम्हाला पाहिलं, एवढं पुरे. गेलेल्या माणसाबद्दल विचारलेलं त्यांना बरं वाटतं, ‘आता विसर’ असं कुणी म्हणत नाही. मला हे आपल्या सांत्वनापेक्षा शहाणपणाचं वाटतं.

भारतात यहुदी आहेत का, हे तुम्हाला पहिल्या महिन्यातच विचारलं जाईल. उत्तर तयार ठेवा. कोकणात तेलाचे घाणे चालवणारे, शनिवारी काम बंद ठेवणारे म्हणून ‘शनिवार तेली’ म्हणवले गेलेले बेने इस्रायली. मुंबईत 1796 मध्ये बांधलेलं त्यांचं पहिलं सिनेगॉग, ज्याच्यावरून मशीद बंदर स्टेशनचं नाव पडलं असं सांगतात. माझगावची त्यांची शाळा, पुढे सर एली कदुरी नावाची, जिथे मराठीतून शिक्षण होई. पेसाहच्या आधी मी वर्गात 1874 ची पुण्यात छापलेली हागादा, म्हणजे पेसाहच्या रात्री वाचायची पोथी, पडद्यावर दाखवते. हिब्रूशेजारी मराठी मजकूर आहे, आणि चित्रातल्या बायका आपल्यासारख्या खाली बसून मात्सा, म्हणजे पेसाहची न फुगवलेली भाकरी, करतायत. मुलं मला ती मराठी मोठ्याने वाचायला लावतात, मग शेजारची हिब्रू ते म्हणतात.

मुलाखतीत पगाराइतक्याच ठामपणे काही गोष्टी विचारून घ्या. हिवाळ्यातल्या शुक्रवारी किती वाजता सुटते? शब्बाटॉनला, म्हणजे सगळ्यांनी एकत्र घालवायच्या शब्बातच्या सहलीला, यायची अपेक्षा आहे का? पोशाखाचे नियम काय? बहुतेक ठिकाणी कोपर झाकणाऱ्या बाह्या आणि गुडघ्याखालचा स्कर्ट लागतो. लांब कुर्ता चालेल का ते स्पष्ट विचारा. पुरुष मुलाखत घेत असतील तर हात पुढे करू नका, अनेक जण परस्त्रीशी हस्तांदोलन करत नाहीत. नमस्कार करा, तो त्यांना फार आवडतो. आणि स्वतःची मुलं सरकारी शाळेत असतील तर सुट्ट्यांचा ताळा आधीच करा: बऱ्याच यहुदी शाळांत हिवाळी सुट्टी नाताळात नसून जानेवारीच्या उत्तरार्धात असते, तेव्हा डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात मुलांना कोण सांभाळणार हे सही करण्याआधी ठरलेलं बरं.