डोंगरावरचं निसर्ग पर्यटन: आखणी करताना या चुका टाळा

सिंधुदुर्ग 1997 साली देशातला पहिला पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला. तेव्हा सगळ्यांच्या डोळ्यांसमोर समुद्र होता. आता किनाऱ्यावरची गर्दी घाट चढून वर येते आहे. आंबोली, चौकुळ, गेळे या गावांत होमस्टेचे फलक लागतात आणि बहुतेकांवर ‘इको’ हा शब्द असतोच. गावातल्या पोरांना गावातच रोजगार मिळणार असेल तर पर्यटन यायलाच हवं, असं माझं ठाम मत आहे. पण आखणीत त्याच त्या चुका होताना दिसतात आणि जवळजवळ सगळ्या एकाच जागेतून येतात. आखणी डोंगराच्या भरभराटीच्या दिवसांकडे बघून होते, अडचणीच्या दिवसांकडे बघून होत नाही. जुलैतला धबधबा बघून खोल्या ठरतात आणि एप्रिलमध्ये बाव, म्हणजे विहीर, तळाला गेली की टँकरची शोधाशोध सुरू होते.

जुलै बघून खोल्या मोजू नका

आंबोली साधारण 690 मीटर उंचीवर आहे आणि तिथे वर्षाला 7000 मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. एवढा पाऊस पडणाऱ्या गावाला पाण्याची चिंता कशाला, असं बाहेरच्या माणसाला वाटतं. इथला माणूस तसं म्हणणार नाही. वरचा जांभा सच्छिद्र आहे, उतार तीव्र आहेत. पडलेलं पाणी व्हाळांतून, म्हणजे ओढ्यांतून, धावत खाली जातं, उरलेलं भेगांमधून मुरतं आणि कुठल्या तरी खालच्या वाडीत झरा होऊन निघतं. डोंगरमाथ्यावर ते थांबत नाही.

म्हणून खोल्यांचा आकडा काढायची वेळ एप्रिलचा शेवट किंवा मे महिना हीच. साधन म्हणजे एक बादली आणि घड्याळ. समजा, झऱ्याखाली धरलेली 15 लिटरची बादली भरायला 5 मिनिटं लागली. म्हणजे मिनिटाला 3 लिटर, दिवसाला 4320 लिटर. त्या झऱ्यावर 60 माणसांची वाडी असेल, तर ग्रामीण पाणीपुरवठ्याच्या 55 लिटर दरडोई हिशेबाने वाडीलाच 3300 लिटर लागतात. उरले 1020. शहरातून येणारा पाहुणा शॉवर, फ्लश, रोज धुतलेली चादर धरून 135 लिटर सहज वापरतो. म्हणजे त्या वाडीत मे महिन्यात फक्त 7 पाहुणे राहू शकतात. सात खोल्या नव्हे, सात माणसं. आणि गुरं, परसातल्या माडांचं शिंपण या हिशेबात धरलेलंच नाही.

छपराचं पाणी साठवू, हे उत्तर बरोबर आहे, पण अर्धं. 100 चौरस मीटर छपरावर वर्षभरात 7 लाख लिटर पाणी पडतं. गळती आणि ओसंडणं वजा केलं तरी साडेपाच लाख लिटर हाती लागायला हरकत नाही. अडचण पावसाची नाही, टाकीची आहे. 50,000 लिटरची टाकी बांधली तर त्यात पाहुण्यांचे 370 मुक्काम भागतात. मार्च ते मे या 90 दिवसांत वाटले तर रोजचे 4 पाहुणे. बँकेकडे कर्जाचा कागद नेण्याआधी हे गणित करा. ज्यांना जास्त खोल्या हव्यात त्यांनी उन्हाळ्यात त्यातल्या निम्म्या बंद ठेवायची तयारी ठेवावी. त्यात कमीपणा काही नाही.

शोषखड्ड्याकडे दुर्लक्ष

पाणी कुठून येतं हे निदान विचारलं तरी जातं. वापरलेलं पाणी कुठे जातं हे कोणी विचारत नाही, आणि माझ्या मते डोंगरावरच्या पर्यटनातला सगळ्यात मोठा धोका तिथेच आहे. कुटुंबापुरता खणलेला शोषखड्डा वीस पाहुण्यांचं मैलापाणी घेऊ लागला की ते जांभ्याच्या भेगांतून कुठे निघेल याचा अंदाज बांधता येत नाही. विहिरीपासून 15 मीटर अंतर ठेवा असा सर्वसाधारण नियम सांगतात. मातीत तो ठीक आहे, कातळात त्याच्यावर विसंबू नये. त्यातच पावसाळ्यात जमिनीतलं पाणी वर येतं, खड्डा खालून भरतो, आणि नेमका तोच काळ गर्दीचा असतो.

उपाय महाग नाहीत. मैलापाण्याला पक्क्या तळाची सेप्टिक टाकी, तीही झरा आणि बाव यांच्या खालच्या अंगाला. न्हाणीघराचं आणि स्वयंपाकघराचं पाणी वेगळं काढून वाळू-खडीच्या वाफ्यातून कर्दळीला सोडा. ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाकडून आजूबाजूच्या विहिरींचं पाणी पावसाआधी एकदा आणि भर पावसाळ्यात एकदा तपासून घ्या. जंतू तपासायच्या एच-टू-एसच्या बाटलीत भरलेलं पाणी एक-दोन दिवसांत काळं पडलं, तर विष्ठेतले जंतू त्यात पोचल्याची दाट शक्यता आहे. शेजाऱ्याच्या विहिरीचं पाणी काळं पडलं तर त्याच्याकडे आपण होऊन जा. लपवलेली गोष्ट वाडीत लपत नाही आणि त्यानंतर होमस्टेला गावाची साथ उरत नाही.

सडा म्हणजे मोकळी जागा नव्हे

उन्हाळ्यात सडा, म्हणजे डोंगरावरचं कातळाचं पठार, बघितला तर काळा पडलेला कातळ, सुकलेलं गवत, एखादं खुरटं झुडूप. त्यामुळे पार्किंग, हेलिपॅड, तंबू, ‘व्ह्यू पॉइंट’चा चौथरा असं काहीही इथे काढलं तरी कोणाचं काही बिघडत नाही असं वाटतं. सरकारी कागदांतही अशा जमिनी पडीक म्हणूनच चढलेल्या असतात.

पहिल्या पावसानंतर तिथे या. कातळावरच्या बोटभर खोल डबक्यांत आंबोलीचा टोड अंडी घालतो. कुशीवर पिवळे-काळे पट्टे असलेल्या या छोट्या प्राण्याची स्वतंत्र प्रजाती म्हणून नोंद 2009 मध्ये झाली. जगात तो आंबोली आणि आसपासच्या मोजक्या जागांवरच सापडतो आणि अतिसंकटग्रस्त यादीत आहे. त्याच्या विणीचा मुख्य काळ फार थोडा असतो, पावसाच्या सुरुवातीच्या काही दिवसांपुरता. त्या दिवसांत डबक्यांवरून शंभर गाड्या गेल्या तर त्या वर्षाची पिढी संपते. पुढे जुलै ते सप्टेंबर त्याच कातळावर गेंद, कवला, सीतेची आसवं, किडे खाणारं दवबिंदू यांचे गालिचे उमलतात. पाहुणा जे बघायला पैसे मोजून येतो ते याच ‘पडीक’ जागेवर असतं.

सड्यावर दोन चुका चांगल्या हेतूने होतात. पहिली म्हणजे झाडं लावणं. माती टाकून ऑस्ट्रेलियन बाभूळ किंवा गुलमोहर लावला की सडा हिरवा झाला असं वाटतं, पण सावली आली, माती साचली की सड्यावरची मूळची रोपं-फुलं जातात. दुसरी म्हणजे फुलं नीट दिसावीत म्हणून दगड हलवून वाट ‘साफ’ करणं. त्या दगडांखाली विंचू, पाली, बेडूक राहतात. सड्यावर करायचं काम एकच आहे: मे महिन्यातच रस्त्याच्या कडेला चिरे लावून गाड्यांची हद्द आखून टाका आणि चालायला एकच पायवाट ठेवा.

जमिनीचं एक लक्षात ठेवा. आंबोली, गेळे, चौकुळमध्ये कबुलायतदार गावकर, म्हणजे गावाच्या सामाईक वहिवाटीतल्या, जमिनींचा प्रश्न कित्येक वर्षं रेंगाळत आला आहे. सातबारा स्वच्छ नसताना कोणी ‘तुम्ही बांधा, मी बघतो’ म्हणाला तरी पाया खणू नका.

उतार कापून सपाटी

थोडक्यात सांगतो. जेसीबीने टेकडी कापून केलेली सपाटी पहिल्या दोन पावसांत टिकली म्हणजे ती सुरक्षित आहे असं नाही. 22 जुलै 2021 ला महाड तालुक्यात तळियेवर दरड कोसळली, त्यानंतर तरी कोकणात हे कोणाला पटवून द्यावं लागू नये. जुन्या घरांत, जुन्या जोत्यांवर खोल्या करा. पाहुण्यांनाही मातीच्या भिंतीचं घर काचेच्या खोलीपेक्षा जास्त आवडतं.

रात्रीची भटकंती: फोटोसाठी प्राण्याला हात लावणं

पावसाळी रात्री बेडूक आणि साप दाखवायला नेणं हा आता इथला चांगला व्यवसाय आहे. त्यातून गावातली पोरं उत्तम निरीक्षक झाली आहेत आणि याचा मला फार आनंद होतो. पण पाहुण्याला रील हवं असतं. मग काठीने हिरव्या चापडा सापाला पुढे ओढलं जातं, उडत्या बेडकाला हातावर घेतलं जातं. अशाने प्राणी दमतो, अंड्यांवरून उठतो. साप पकडणं, डिवचणं वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा ठरू शकतं आणि सर्पदंश झाला तर सगळ्या गावाचा हंगाम बुडतो.

गटात सहा-सात जणच ठेवा. एका प्राण्यावर दोनच बॅटऱ्या, त्याही मिनिटभर. हातावर डास पळवायचं मलम लावलेल्या माणसाने बेडकाला बोटही लावू नये, कारण त्याची ओली त्वचा सगळं शोषून घेते. दुसऱ्या जंगलातून आलेल्यांचे बूट धुऊन सुकवलेले आहेत का ते विचारा, चिखलातून बेडकांचे रोग पसरतात. हे सगळं पैसे घेण्याआधी सांगायचं. जंगलात पोचल्यावर सांगितलं तर पाहुण्याला आपल्यावर बंधन आणल्यासारखं वाटतं.

धबधब्याला दारूचा अड्डा होऊ देणं

शनिवार-रविवारी घाटात गाड्यांची रांग, काचांचा खच, पिशव्या हिसकणारी माकडं. यावर गावात दोनच मतं ऐकू येतात: बंद करा, नाहीतर चालू द्या. मधला मार्ग मात्र दुसऱ्या गावांनी दाखवलेला आहे. साताऱ्याच्या कास पठारावर फुलांच्या हंगामात दिवसाला 3000 माणसांची मर्यादा आणि आगाऊ नोंदणी आहे. माथेरानला 2003 साली पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्राचा दर्जा मिळाला, पर्यटकांच्या गाड्या गावाबाहेर दस्तुरीलाच थांबतात, आणि तरीही तिथला धंदा चालतो.

आपल्याकडे निदान एवढं करता येईल. वनव्यवस्थापन समितीच्या तिकिटाबरोबर प्रत्येक बाटलीला अनामत घ्या, परत आणली की पैसे परत. शनिवार-रविवारच्या खोल्यांचे दर वाढवा आणि मंगळवार-बुधवारी कमी करा, गर्दी थोडी तरी पसरते. माकडांना खायला देणाऱ्या स्वतःच्या पाहुण्याला स्पष्ट थांबवा. हिरण्यकेशीच्या उगमावर जास्तच जपायला हवं. देवळाच्या कुंडात सापडलेल्या शिस्टुरा हिरण्यकेशी या माशाची नोंद 2020 मध्ये झाली आणि 2021 मध्ये तो 2.11 हेक्टरचा परिसर जैवविविधता वारसा स्थळ जाहीर झाला. तिथे साबण, शाम्पू, पिशवीतली फुलं यांपैकी काही पाण्यात जाता कामा नये. हे सांगायला फलकापेक्षा पुजारी आणि मानकरी जास्त उपयोगी पडतात. त्यांना आखणीच्या पहिल्या बैठकीला बोलवा.

गावाला फक्त नोकरी देणं

मंडणगड तालुक्यातल्या वेळासला 2002 पासून सह्याद्री निसर्ग मित्र आणि गावकऱ्यांनी ऑलिव्ह रिडले कासवांची अंडी राखली. पिल्लं बघायला येणारा पाहुणा गावकऱ्यांच्या घरी राहतो, त्यांच्याच हातचं जेवतो. पिल्लं सोडण्याची वेळ ठरते ती कासवांच्या हिशेबाने, पाहुण्यांच्या सुट्टीने नव्हे. वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीतली कांदळवन सफर स्वामिनी बचत गटाच्या बायकांनी उभी केली. दोन्हीकडे पैसा ज्या घरात जातो, तेच घर राखण करतं.

डोंगरावर उलटं होताना दिसतं. मालक बाहेरचा, स्वयंपाकी बाहेरचा, भाजी बेळगावची. गावातला माणूस रात्री वॉचमन. त्याने सड्यावर गाडी चढवणाऱ्याला का अडवावं? करारातच लिहून घ्या की तांदूळ, कुळीथ, कोकम गावातून घेतलं जाईल आणि फिरायला गावातलाच वाटाड्या जाईल. घावणे आणि कुळथाची पिठी न्याहारीला ठेवली की मॅगीची पाकिटंही कमी होतात.

आधीच बिघडलं असेल तर

बावीच्या पाण्याला वास यायला लागला असेल तर आधी वरच्या अंगाच्या खोल्या बंद करा, मग कारण शोधा. रस्त्यावर चिरडलेले बेडूक दिसत असतील तर जूनच्या पहिल्या पावसांत रात्री त्या पट्ट्यातल्या आपल्या सफारी थांबवा आणि गाड्यांचा वेग कमी करण्यासाठी पंचायतीमार्फत बांधकाम विभागाला अर्ज द्या. पाहुणा ‘पाणी कमी येतं’ म्हणून वाईट शेरा लिहून गेला तर नवीन बोअर मारायची घाई नको. कातळात एकाची बोअर शेजाऱ्याचा झरा सुकवू शकते. त्यापेक्षा पुढच्या बुकिंगच्या वेळीच सांगा की उन्हाळ्यात अंघोळीला दोन बादल्या मिळतील. बहुतेक लोक हे समजून घेतात.

आणि 1 मेच्या ग्रामसभेला बादली-घड्याळाने काढलेली सगळ्या झऱ्यांची मापं घेऊन जा. झरे तेव्हा बारीक झालेले असतात. पावसाळी हंगामाचं बुकिंग उघडण्याआधी कुठल्या वाडीत किती पाहुणे ठेवायचे ते तिथेच, सगळ्यांसमोर ठरवून इतिवृत्तात नोंदवून घ्या.