नळाची धार परत आली

गुहागरहून सोलापुरात शिकायला आले आणि जुळे सोलापुरात भाड्याने फ्लॅट घेतला. आमच्याकडे नळाला पाणी चार-पाच दिवसांनी, म्हणून वापरायला बोअरचं. महिन्याभरात ओट्यावरच्या नळाची धार सुतासारखी झाली. बाथरूममध्ये मात्र जोर चांगला, म्हणजे दोष त्या एकाच नळात. प्लंबर म्हणाला, नवीनच बसवा.

शेजारच्या काकू म्हणाल्या, "अगं, क्षार धरलाय बघ. तोंडाची जाळी काढ की आधी."

फडकं गुंडाळून पान्याने फिरवली. छिद्रं पांढऱ्या खड्यांनी बुजलेली! वाटीभर कोमट पाण्यात दोन चमचे लिंबूसत्व घालून जाळी बुडवली. लगेच बारीक बुडबुडे चढायला लागले. क्षारातलं कॅल्शियम कार्बोनेट आम्लात विरघळतं, तेव्हा कार्बन डायऑक्साइड सुटतो, तो हा. तासाभराने जुन्या टूथब्रशने घासली, धुतली, वायसर नीट बसवून हातानेच आवळली. धार पहिल्यासारखी. रात्रभर मात्र भिजत ठेवू नका, वरचा चकचकीत मुलामा जातो.

गावी विहिरीच्या पाण्याने भांड्यावर कधी डागसुद्धा पडला नव्हता, त्यामुळे हे सुचलंच नसतं. काकूंचे खूप उपकार. बाथरूमचा शॉवर या रविवारी काढणार आहे.