ॲपवर टॅक्सी चालवणाऱ्यांनी आपला हिशेब, आपला आयडी आणि आपला हक्क कसा सांभाळावा

मुंबई, पुणे, नागपूर किंवा नाशिक येथे ओला, उबर, रॅपिडो यांसारख्या ॲपवर गाडी चालवणारा चालक करारानुसार स्वतंत्र व्यावसायिक असतो. प्रत्यक्षात मात्र प्रवासी कोणता मिळणार, भाडे किती दिसणार आणि उद्या सकाळी आयडी, म्हणजे ॲपवरील चालक खाते, चालू राहणार की नाही, हे तिन्ही निर्णय कंपनीकडे असतात. हा अन्याय आहे असे म्हणणारे चालक हजारो आहेत; परंतु तारीख, ट्रिप क्रमांक आणि रक्कम यांसह तो मांडू शकणारे फार थोडे आहेत. तक्रार ऐकणाऱ्या अधिकाऱ्यापुढे, विमा कंपनीपुढे किंवा न्यायाधिकरणापुढे शेवटी नोंदच बोलते, म्हणून या मार्गदर्शिकेचा बराचसा भाग नोंदी कशा ठेवाव्यात आणि त्या कोणापुढे, कोणत्या क्रमाने मांडाव्यात यासाठी दिला आहे.

कायद्यात आपण कोठे आहोत

सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० या केंद्रीय कायद्यात प्लॅटफॉर्म कामगार हा वर्ग प्रथमच नावाने आला आणि ही संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. तिच्यानुसार ॲप कंपन्यांना त्यांच्या वार्षिक उलाढालीच्या १ ते २ टक्के रक्कम कामगारांच्या सामाजिक सुरक्षेसाठी द्यायची आहे. मात्र ही रक्कम कामगारांना दिलेल्या किंवा देय असलेल्या मोबदल्याच्या ५ टक्क्यांपेक्षा अधिक असणार नाही. ही संहिता चालकाला कंपनीचा नोकर ठरवत नाही. किमान वेतन, भविष्य निर्वाह निधी किंवा भरपगारी रजा यांचा हक्क तिच्यातून मिळत नाही, हे आधीच समजून घेतलेले बरे; कारण जे कायद्यात नाही त्याची मागणी अर्जात केली की अर्जातील रास्त मागणीही मागे पडते.

दुसरा आधार मोटार वाहन कायद्याचा आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम ९३ खाली ॲप कंपन्यांना राज्याचा परवाना घ्यावा लागतो. केंद्राने २०२० मध्ये आणि पुन्हा जुलै २०२५ मध्ये त्यासाठी मार्गदर्शक तत्त्वे काढली. गाडी चालकाची स्वतःची असेल तर भाड्याचा किमान ८० टक्के वाटा त्याला मिळावा, चालकासाठी किमान ५ लाख रुपयांचा आरोग्य विमा आणि १० लाख रुपयांचा मुदत विमा कंपनीने काढावा, अशी त्यांची चौकट आहे. ही तत्त्वे राज्यांनी स्वीकारल्यावर बंधनकारक होतात. महाराष्ट्राच्या परिवहन विभागाने २०२५ मध्ये आपल्या नियमांचा मसुदा प्रसिद्ध केला होता. म्हणून अर्जात नियमाचा उल्लेख करण्यापूर्वी आपल्या आरटीओत जाऊन त्या दिवशी लागू असलेला मजकूर पाहून घ्यावा.

खरी कमाई काढण्याची रीत

ॲप दिवसाअखेरीस जो आकडा दाखवते तो कमाईचा नसून जमा रकमेचा असतो. खरी कमाई काढण्यासाठी सकाळी गाडी सुरू करताना आणि रात्री बंद करताना ओडोमीटरचा फोटो काढावा. प्रवासी नसताना धावलेले किलोमीटर, म्हणजे पिकअपपर्यंतचे, लांबच्या ड्रॉपनंतर रिकामे परतण्याचे आणि सीएनजी पंप शोधण्याचे, ॲपच्या हिशेबात येत नाहीत. चालकाचा बहुतेक तोटा तेथेच दडलेला असतो.

उदाहरणादाखल असे धरू की एका दिवसात गाडी १५० किलोमीटर धावली, त्यांपैकी १०० किलोमीटर प्रवासी होता आणि सर्व कपात वजा जाता २,००० रुपये हाती आले. ॲपच्या दृष्टीने हे किलोमीटरमागे २० रुपये झाले. धावलेल्या प्रत्येक किलोमीटरमागे मात्र १३ रुपये ३३ पैसेच. गाडी किलोला २० किलोमीटर जात असेल आणि गॅस ८० रुपये किलो असेल तर इंधनाचे ६०० रुपये गेले. महिन्याचा १५,००० रुपयांचा हप्ता २६ दिवसांत वाटला तर दिवसाला सुमारे ५७७ रुपये होतात. टायर, सर्व्हिसिंग आणि दुरुस्ती यांसाठी किलोमीटरला दीड रुपया धरला तर २२५ रुपये, आणि विमा, फिटनेस, परमिट यांचे रोजचे १०० रुपये. उरले ४९८ रुपये. चालक १२ तास ॲपवर असेल तर ही कमाई तासाला साडेएकेचाळीस रुपये पडते. प्रत्येकाने येथे स्वतःचे आकडे घालावेत आणि निदान एक महिना हा हिशेब रोज लिहावा. एका वाईट दिवसाचा आकडा कोणालाही खोडता येतो, महिन्याच्या सरासरीशी वाद घालणे अवघड असते.

कमिशनऐवजी रोजचे किंवा आठवड्याचे ठरावीक शुल्क घेण्याची पद्धत अलीकडे पसरली आहे. ती चालकाच्या फायद्याची आहे असे सरसकट म्हणता येत नाही. ज्या दिवशी गाडी पूर्ण वेळ चालते त्या दिवशी ती परवडते; आजारपण, पाऊस किंवा गाडीचे काम यांमुळे दिवस अर्धा गेला तरी शुल्क मात्र कायम राहू शकते. भरलेल्या शुल्काला त्याच काळातील एकूण भाड्याने भागून टक्केवारी काढावी आणि ती पूर्वीच्या कमिशनशी ताडून पाहावी.

प्रत्येक ट्रिपनंतर भाड्याचा तपशील उघडून प्रवाशाने दिलेली रक्कम आणि आपल्याला मिळालेली रक्कम दोन्ही दिसतात का, हे पाहावे. प्रवाशाची रक्कम दिसत नसेल तर आठवड्यातून काही प्रवाशांना सौजन्याने विचारून ती वहीत लिहावी. ८० टक्क्यांचा मुद्दा मांडायचा असेल तर दोन्ही आकडे लागतातच. तसेच सरकारने ठरवलेला दर माहीत असावा. पुण्यात वातानुकूलित टॅक्सीसाठी पहिल्या दीड किलोमीटरला ३७ रुपये आणि पुढे किलोमीटरला २५ रुपये असा दर जानेवारी २०२४ पासून ठरवण्यात आला. मुंबईत ॲप टॅक्सींसाठी किलोमीटरला २२ रुपये ७२ पैसे हा दर सप्टेंबर २०२५ मध्ये जाहीर झाला. २०२५ च्या जुलैत मुंबईतील चालक आझाद मैदानावर उतरले, त्यामागे रास्त दराची हीच मागणी होती. आपल्या ट्रिपचे भाडे त्या वेळी लागू असलेल्या दरापेक्षा किती कमी पडले, हा रकाना वहीत स्वतंत्र ठेवावा.

आयडी बंद झाल्यास

आयडी बंद होणे म्हणजे त्या दिवसाची रोजी बंद होणे, आणि हप्ता मात्र चालूच राहतो. म्हणून पहिल्या तासात काय करावे हे आधीच ठरलेले असले पाहिजे.

सर्वप्रथम ॲपवर दिसणाऱ्या संदेशाचा स्क्रीनशॉट घ्यावा आणि त्यात तारीख व वेळ येईल असे पाहावे. त्यानंतर मागील ट्रिपा, रेटिंग, आठवड्याची विवरणे आणि न मिळालेली रक्कम यांची पाने उघडत असतील तोवर सर्व जतन करावीत, कारण खाते पूर्ण बंद झाल्यावर ती दिसेनाशी होऊ शकतात. ॲप काढून पुन्हा टाकू नये आणि फोन विकू नये. इलेक्ट्रॉनिक पुरावा न्यायालयात मांडताना भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खाली प्रमाणपत्र द्यावे लागते आणि त्या वेळी मूळ फोन हाताशी असणे उपयोगाचे ठरते. एखाद्या प्रवाशाच्या तक्रारीमुळे हे घडले असावे असा अंदाज असेल तर त्या ट्रिपमध्ये काय झाले ते त्याच दिवशी स्वतःच्या शब्दांत लिहून ठेवावे. आयडी लवकर सुरू होईल या आशेने चॅटवर "चूक झाली, माफ करा" असे न केलेल्या गोष्टीबद्दल कधीही लिहू नये. ते वाक्य पुढे कबुली म्हणून समोर येते.

पैसे घेऊन आयडी उघडून देणारे एजंट बऱ्याच ठिकाणी भेटतात. त्यांना एक रुपयाही देऊ नये आणि आधार, पॅन किंवा ओटीपी तर मुळीच देऊ नये. भावाच्या किंवा मित्राच्या आयडीवर गाडी चालवणे हा त्याहून मोठा धोका आहे. त्या काळात अपघात झाला तर कंपनीच्या विम्यावर दावा करणे जवळजवळ अशक्य होते आणि दोघांचीही खाती जातात.

त्यानंतर ॲपमधील मदत विभागात तक्रार नोंदवून तिचा क्रमांक घ्यावा आणि त्याच दिवशी कंपनीच्या संकेतस्थळावर दिलेल्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला ईमेल पाठवावा. मध्यस्थ कंपन्यांसाठीच्या २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांत तक्रारीची पोच २४ तासांत देण्याची आणि ती ७ दिवसांत (फेब्रुवारी २०२६ च्या दुरुस्तीपूर्वी १५ दिवसांत) निकाली काढण्याची तरतूद आहे. तिचा हवाला ईमेलमध्ये द्यावा. मजकूर पुढीलप्रमाणे ठेवता येईल.

"विषय: चालक खाते बंद केल्याचे लेखी कारण मिळणे व निर्णयाचा पुनर्विचार होणे याबाबत.

महोदय/महोदया, माझे चालक खाते (नोंदणीकृत मोबाइल क्रमांक …, वाहन क्रमांक …) दि. … रोजी … वाजता बंद करण्यात आले. ॲपवर मला पुढील संदेश दिसला: … . यापूर्वी मला कोणतीही सूचना मिळाली नव्हती. मी … सालापासून आपल्या ॲपवर काम करीत असून आजपर्यंत … ट्रिपा पूर्ण केल्या आहेत. कृपया खाते बंद करण्याचे नेमके कारण, संबंधित ट्रिपचा क्रमांक आणि कराराचे कोणते कलम लागू केले ते लेखी कळवावे, माझे म्हणणे ऐकण्यासाठी एखाद्या अधिकाऱ्याची वेळ द्यावी आणि माझी जमा असलेली रु. … ही रक्कम त्वरित अदा करावी. माझ्या म्हणण्याच्या पुष्ट्यर्थ कागदपत्रे सोबत जोडली आहेत."

ज्यांना पूर्वसूचना मिळाली असेल त्यांनी तिचे वाक्य गाळावे आणि तिची प्रत जोडावी. जमा रकमेची मागणी स्वतंत्रपणे करणे आवश्यक आहे. खाते का बंद झाले हा वाद चालू असला तरी पूर्ण केलेल्या कामाचे पैसे अडवून ठेवण्याचे कारण नाही. प्रवाशाच्या, विशेषतः एखाद्या स्त्रीच्या सुरक्षिततेची गंभीर तक्रार असेल तर खाते तातडीने थांबवणे योग्यच आहे आणि त्यास विरोध करू नये. मागणी एवढीच असावी की त्यानंतर चौकशी व्हावी, चालकाची बाजू ऐकली जावी आणि निर्णय माणसाने द्यावा. कर्नाटकाने २०२५ च्या कायद्यात काम बंद करण्यापूर्वी लेखी कारण आणि १४ दिवसांची पूर्वसूचना बंधनकारक केली आहे. महाराष्ट्रातील चालकांनी आपल्या निवेदनांत हाच मुद्दा आग्रहाने मांडावा.

उत्तर आले नाही किंवा साचेबद्ध उत्तर आले तर सर्व प्रती जोडून आरटीओकडे लेखी अर्ज करावा आणि आवक शिक्क्याची प्रत घ्यावी. राज्य सरकारच्या आपले सरकार या पोर्टलवरही तक्रार नोंदवता येते. करारात लवादाचे, म्हणजे वाद न्यायालयाऐवजी खासगी लवादाकडे सोपवण्याचे, कलम असेल तर वकिलाचा सल्ला घ्यावा. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे उत्पन्नाच्या मर्यादेत बसणाऱ्यांना मोफत वकील मिळतो. स्त्रियांना आणि अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना ही मर्यादा लागू नाही.

अपघात आणि विमा

स्वतःच्या नावावर गाडी असलेल्या चालकाच्या पॉलिसीत १५ लाख रुपयांचे वैयक्तिक अपघात संरक्षण आहे का, ते आजच पाहावे. दुसऱ्याची गाडी पगारावर किंवा रोजाच्या भाड्याने चालवणाऱ्याला हे संरक्षण मिळत नाही, कारण ते मालक-चालकासाठी असते. पगारी चालकासाठीचा वेगळा हप्ता मालकाने भरला आहे का, हे गाडी हातात घेण्यापूर्वी पॉलिसी वाचून तपासावे. असंख्य कुटुंबांना ही गोष्ट अपघातानंतर कळते.

अपघात झाल्यास ११२ वर कळवावे, ट्रिप चालू असल्याचा स्क्रीनशॉट घ्यावा आणि ॲपमधूनही लगेच कळवावे. रस्ते अपघातातील जखमींसाठी २०२५ पासून पहिल्या सात दिवसांत दीड लाख रुपयांपर्यंत रोकडरहित उपचारांची केंद्रीय योजना आहे, ती रुग्णालयाला स्वतःहून सांगावी. मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडील अर्ज सहा महिन्यांच्या आत करावा.

तास, विश्रांती आणि नोंदणी

केंद्राच्या २०२० च्या तत्त्वांत सर्व ॲप मिळून दिवसाला जास्तीत जास्त १२ तास आणि त्यानंतर १० तास विश्रांती अशी मर्यादा घातली होती. इन्सेंटिव्हचे, म्हणजे जादा मोबदल्यासाठी ठरवून दिलेले, लक्ष्य या मर्यादेत पूर्ण होत नसेल तर ते लक्ष्यच चुकीचे आहे, असे माझे स्पष्ट मत आहे, आणि लक्ष्याचा स्क्रीनशॉट व लागलेले तास यांची नोंद हा त्याचा पुरावा आहे. विमानतळ, रेल्वे स्थानके आणि आयटी पार्क येथे चालकांना तासन्‌तास थांबावे लागते. तेथे स्वच्छतागृह आणि पिण्याचे पाणी नसेल तर महापालिकेकडे किंवा विमानतळ व्यवस्थापनाकडे सह्यांचा सामूहिक अर्ज द्यावा. स्त्री चालकांसाठी ही सोय नसणे म्हणजे त्या भागातील काम नाकारण्यासारखेच आहे.

ई-श्रम पोर्टलवर प्लॅटफॉर्म कामगार म्हणून आधार क्रमांकाने नोंदणी करावी, म्हणजे १२ अंकी क्रमांक मिळतो. डिसेंबर २०२५ च्या अखेरीस आलेल्या केंद्राच्या मसुदा नियमांत लाभासाठी वर्षात एका ॲपवर ९० दिवस किंवा अनेक ॲपवर मिळून १२० दिवस काम केलेले असण्याची अट होती. कामाच्या दिवसांची स्वतःची नोंद ठेवण्याचे हे आणखी एक कारण आहे.

एकट्याची वही आणि सगळ्यांचा अर्ज

कायमचा मालक नसलेल्या कामगारांनाही संरक्षण देता येते, हे महाराष्ट्राने १९६९ च्या माथाडी कायद्याने दाखवून दिले आहे. तो कायदा हमालांच्या संघटित लढ्यातून आला, त्यामुळे जवळच्या संघटनेचे सभासद व्हावे. मात्र वर्गणीची पावती, हिशेब आणि पदाधिकाऱ्यांची निवड कशी होते ते विचारूनच. संघटनेने महिन्यातून एकदा सभासदांच्या वह्यांतील तीन आकडे एकत्र करावेत: धावलेले किलोमीटर, हाती आलेली रक्कम आणि ॲपवरील तास. आरटीओला द्यायच्या निवेदनात घोषणांऐवजी हा तक्ता जोडावा. त्यासोबत माहितीच्या अधिकाराखाली १० रुपये शुल्क भरून अर्ज करावा आणि कोणत्या कंपनीकडे आज वैध परवाना आहे, परवान्यातील चालकांविषयीच्या अटी कोणत्या, मागील वर्षात चालकांच्या किती तक्रारी आल्या आणि प्रत्येकीवर काय कारवाई झाली, असे चार नेमके प्रश्न विचारावेत. उत्तर ३० दिवसांत यायला हवे. न आल्यास किंवा अपुरे आल्यास त्याच कार्यालयातील प्रथम अपिलीय अधिकाऱ्याकडे पुढील ३० दिवसांत अपील करावे.