वाट सोडून तळ्याकाठी: टास्मानियाच्या मध्य पठारावरील भटकंतीची आखणी

ऑस्ट्रेलियाच्या दक्षिणेकडील टास्मानिया या बेटाच्या मध्य पठारावर हिमयुगातल्या बर्फाने कोरून ठेवलेली लहानमोठी हजारो तळी आहेत आणि त्यांपैकी बहुतेकांकडे जाणारी पायवाट अस्तित्वातच नाही. पठाराच्या पश्चिम भागातील वॉल्स ऑफ जेरुसलेम राष्ट्रीय उद्यानात गाडीरस्ता नाही. गाडी खाली सोडून चढावे लागते, मळलेली वाट काही ठळक ठिकाणांपर्यंत सोबत करते आणि तिथून पुढे नकाशा, होकायंत्र आणि स्वतःचा अंदाज यांवरच भिस्त असते. ऑस्ट्रेलियात अशा पायी भटकंतीला ‘बुशवॉक’ म्हणतात. ज्यांनी मळलेल्या वाटेवर सॅक पाठीवर घेऊन दोन-तीन मुक्कामी सहली केल्या आहेत आणि आता प्रथमच वाट सोडायची आहे, त्यांच्यासाठी पुढील मार्गदर्शन आहे. ज्यांनी तंबूत एकही रात्र काढलेली नाही, त्यांनी आधी वाटेवरच्या सहली कराव्यात, असे माझे स्पष्ट मत आहे.

आखणी बहुतेक जण शिखरापासून सुरू करतात आणि मुक्काम ‘जमेल तिथे’ म्हणून सोडून देतात. ती उलट करावी: आधी रात्रीचे तळे ठरवावे आणि तिथून मागे येत दिवस भरावा. मळलेल्या वाटेवर उशीर झाला, तर डोक्यावरच्या दिव्याच्या उजेडात तासभर अधिक चालता येते. वाटेविना मुलखात मात्र अंधार पडला की चाल संपली, कारण दहा पावलांपुढचा कडा किंवा दलदल दिसत नाही. म्हणून सूर्यास्तापूर्वी किमान दोन तास मुक्कामी पोहोचायचे, हे गृहीत धरूनच अंतर ठरवावे. डिसेंबरअखेर, म्हणजे इथल्या उन्हाळ्यात, सुमारे १५ तासांचा उजेड मिळतो, एप्रिलच्या मध्यात तो ११ तासांवर येतो. त्यामुळे उन्हाळ्यात सहज झालेली आखणी शरद ऋतूत जशीच्या तशी चालत नाही.

तळे निवडताना त्याच्या देखणेपणाआधी वारा पाहावा. इथले वादळी वारे प्रामुख्याने पश्चिमेकडून आणि नैर्ऋत्येकडून येतात. त्यामुळे तळ्याच्या पूर्व काठावर लाटा आणि वारा थेट आदळतात, तर पश्चिम काठाला मागच्या टेपाडाचा किंवा झाडीचा आडोसा मिळू शकतो. दुसरी गोष्ट म्हणजे जमीन. १:२५,००० प्रमाणाच्या नकाशावर चार सेंटिमीटर म्हणजे एक किलोमीटर, आणि समोच्च रेषा, म्हणजे सारख्या उंचीची ठिकाणे जोडणाऱ्या रेषा, दर १० मीटर उंचीला असतात. तळ्यालगत रेषाच नसलेला कोरा पट्टा मोहक वाटतो. प्रत्यक्षात तो बहुधा पाण्याने फुगलेल्या पीट मातीचा, म्हणजे अर्धवट कुजलेल्या वनस्पतींच्या थराचा असतो. एकदा दमल्यामुळे आम्ही अशाच हिरव्या गवतावर तंबू टाकला. मध्यरात्री कूस बदलली की खालचे कापड पाण्याच्या पिशवीसारखे डचमळत होते, आणि सकाळी दिसले की ऐंशी पावलांवर, थोड्या उंचीवर, कोरड्या खडीचा उत्तम सपाट टप्पा होता. तेव्हापासून मी पाण्यापासून पाच-दहा मीटर उंच असलेला टप्पाच शोधतो. रात्रीची जड, थंड हवा तळ्याच्या खोलगट भागात साचते, त्यामुळे अशा टप्प्यावर गारठा आणि तंबूच्या आत जमणारे दवही कमी असते. मुख्य तळ्याखेरीज त्याच्या तासभर अलीकडचे एक पर्यायी ठिकाणही नकाशावर खुणेने नोंदवून ठेवावे.

आखणीच्या याच टप्प्यावर नियम पाहून घ्यावेत. हा प्रदेश टास्मानियन वाइल्डरनेस या जागतिक वारसा क्षेत्रात मोडतो. १९८२ साली घोषित झालेले हे क्षेत्र १९८९ मध्ये वाढवण्यात आले. इथे शेकोटीला पूर्ण बंदी आहे आणि स्वयंपाक इंधनाच्या स्टोव्हवरच करावा लागतो. हजार वर्षांहून अधिक जगणारे इथले पेन्सिल पाइन वृक्ष आगीतून सावरत नाहीत; जानेवारी २०१६ मध्ये विजा पडून लागलेल्या वणव्यांत पठारावरील लेक मॅकेंझी परिसरातले असे वृक्ष जळाले आणि तो भाग पुन्हा पूर्वीसारखा होईल अशी आशा कमीच आहे. उद्यानाचा प्रवेश पास घ्यावा, मुक्कामाची नोंदणी करावी आणि तंबूला कुठे परवानगी नाही, हे उद्यान विभागाच्या संकेतस्थळावर निघण्यापूर्वी तपासावे. टास्मानियात येताना ताजी फळे-भाज्या आणता येत नाहीत, तसेच बुटांच्या तळव्यांना आणि तंबूच्या खुंट्यांना चिकटलेली माती धुऊन काढणे आवश्यक असते, कारण तिच्यातून वनस्पतींची मुळे कुजवणारी बुरशी पसरते.

आता अंतराचा हिशेब. विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ मध्ये मांडलेला ठोकताळा आजही वापरात आहे: दर पाच किलोमीटरला एक तास, आणि दर ६०० मीटर चढाईला आणखी एक तास. सहा किलोमीटर अंतर आणि ३०० मीटर चढ असेल, तर या हिशेबाने पावणेदोन तास पुरतात. पण हा हिशेब वाटेवरचा आहे. उघड्या माळावर वाट नसताना मी ताशी अडीच किलोमीटर धरतो, आणि स्कोपारिया या टोकदार, ताठ पानांच्या झुडपांच्या रानात ताशी अर्धा किलोमीटर. वरच्या सहा किलोमीटरांपैकी एकच किलोमीटर स्कोपारियाचा निघाला, तरी माळाचे दोन तास, झुडपांचे दोन तास आणि चढाचा अर्धा तास मिळून साडेचार तास होतात. म्हणजे मार्ग लांबला तरी चालेल, पण तो कातळावरून आणि उघड्या माळावरून काढावा. नकाशावरून झुडपांची दाटी नीट कळत नाही. टास्मानिया सरकारच्या ‘लिस्टमॅप’ या मोफत संकेतस्थळावर नकाशा आणि हवाई छायाचित्रे एकमेकांवर ठेवून पाहता येतात, आणि या कामाला दिलेली एक संध्याकाळ डोंगरावरचा अर्धा दिवस वाचवते. आणखी एक सावधगिरी म्हणजे, आठ मीटरांचा उभा कडा दोन समोच्च रेषांच्या मध्ये पूर्ण लपू शकतो.

होकायंत्राबाबत दोन गोष्टी विशेष सांगाव्या लागतात. उत्तर गोलार्धासाठी बनवलेल्या होकायंत्राची सुई दक्षिणेत एका बाजूला झुकून तबकडीला घासते, त्यामुळे दक्षिण गोलार्धासाठी किंवा सर्वत्र चालेल असे बनवलेले यंत्रच घ्यावे. शिवाय टास्मानियात चुंबकीय उत्तर ही खऱ्या उत्तरेच्या सुमारे १४ ते १५ अंश पूर्वेला आहे. नकाशावरून काढलेल्या दिशेतून हा फरक वजा करायचा विसरलात, तर दोन किलोमीटर चालल्यावर आपण अर्ध्या किलोमीटरने चुकलेले असतो. इथे दुपारचा सूर्य उत्तरेला असतो, ही साधी बाबही थकव्यात घात करते.

पठारावरची तळी एकमेकांसारखी दिसतात, म्हणून नेमक्या ठिकाणी सरळ जाण्याऐवजी मुद्दाम एका बाजूला चुकावे. समजा खिंडीतून दोन किलोमीटरवर तळ्याचे पाणी बाहेर पडण्याचे तोंड आहे. सरळ त्याच्यावर रोख धरला आणि काठावर ते सापडले नाही, तर डावीकडे वळायचे की उजवीकडे हे कळणार नाही. त्याऐवजी दहा अंश डावीकडे रोख धरावा. म्हणजे काठ लागताच तोंड सुमारे ३५० मीटर उजवीकडे आहे हे नक्की असते. फोनमधील जीपीएस जरूर वापरावे, पण थंडीत बॅटरी उतरते आणि ओल्या पडद्यावर बोट चालत नाही. कागदी नकाशा सॅकमध्ये नको, गळ्यात हवा.

ऐन जानेवारीतही इथे बर्फ पडू शकतो. सुती कपडे घरी ठेवावेत, जलरोधक जाकीट-विजार आणि जाड गेटर (बुटांवरून पोटरीला बांधायची आवरणे) घ्यावेत आणि अन्न एक दिवसाचे जास्त असावे. मात्र ते उघड्यावर किंवा सॅकच्या बाहेरच्या कप्प्यात ठेवू नये: काळा करवाँग हा पक्षी चोचीने चेन सरकवून सॅक उघडतो. पहिल्यांदा ऐकले तेव्हा मला हा अतिशयोक्तीचा प्रकार वाटला होता. नंतर बिस्किटांचा पुडा डोळ्यांदेखत गेला. इथले तिन्ही जातींचे साप विषारी आहेत, म्हणून दाब देऊन बांधायच्या रुंद लवचीक पट्ट्या हाताशी असाव्यात. साप चावल्यास अवयव पूर्ण गुंडाळून स्थिर करावा आणि त्या व्यक्तीला चालवू नये.

गट चार ते सहा जणांचा असावा. चौघे असले की जखमीजवळ एक थांबून दोघांना एकत्र मदतीला पाठवता येते. माळावर चालताना एकामागे एक न जाता पसरून चालावे, कारण एकाच रेषेत पडलेल्या पावलांची बघता बघता वाट होते. उशीसारख्या गोल, घट्ट वनस्पतींवर पाय न देता कातळावर द्यावा. शौचासाठी पाण्यापासून आणि मुक्कामापासून १०० मीटर दूर १५ सेंटिमीटर खोल खड्डा खणावा. भांडी तळ्यात धुऊ नयेत.

मोबाइलला रेंज नसते, म्हणून संकटात उपग्रहामार्फत मदतीचा संदेश पाठवणारे, ४०६ मेगाहर्ट्झवर चालणारे वैयक्तिक संकेतयंत्र घ्यावे आणि ते ऑस्ट्रेलियाच्या सागरी सुरक्षा प्राधिकरणाकडे नोंदवावे. ही नोंदणी मोफत आहे. ते सॅकच्या तळाशी न ठेवता अंगावर बाळगावे, कारण ओढा ओलांडताना सॅक वाहून जाऊ शकते. निघण्यापूर्वी घरच्या एका भरवशाच्या व्यक्तीकडे लेखी चिठ्ठी द्यावी: गाडीचा क्रमांक आणि ती कुठे उभी आहे, प्रत्येक रात्रीचे तळे आणि त्याचा पर्याय, परतीचा दिवस, आणि शेवटी एक नेमकी वेळ, जी उलटून गेल्यावर त्या व्यक्तीने आमची वाट न पाहता पोलिसांना फोन करायचा.