बंद पडलेल्या शेडमध्ये कलाकेंद्र करताय? रंगाचा डबा उघडायच्या आधी या चुका टाळा

ठाण्यातल्या वागळे इस्टेट या औद्योगिक वसाहतीतली एक बंद शेड आम्ही नाटकाच्या तालमीसाठी भाड्याने घेतली आणि पहिल्याच आठवड्यात काय केलं तर भिंतीवर भलंमोठं चित्र काढलं. जूनमध्ये ते चित्र वाहून गेलं. पत्रे धड होते, पण दोन शेडच्या मधली जी पन्हळ असते ना, ती पिंपळाच्या पाल्याने तुंबलेली, पाणी उलटं आत. तेव्हा आधी मे महिन्यात पन्हळ साफ करा, पाइपने पाणी सोडून बघा, मग रंगाचं बघू.

पत्र्यांवरून आठवलं, जुन्या शेडवर बहुतेक सिमेंटचे पत्रे असतात आणि त्यात अ‍ॅस्बेस्टॉस असतं. लाइट टांगायला त्यात ड्रिल मारू नका, ग्राइंडर तर नाहीच, ती धूळ फुफ्फुसात बसते आणि त्रास वीस-तीस वर्षांनी दिसतो. टांगायचं ते लोखंडी ट्रसला (छताखालच्या सांगाड्याला) क्लॅम्पने, तेही इंजिनिअरला वजन विचारून. आणि पत्र्यावर उभं राहू नका, जुना पत्रा पापडासारखा मोडतो.

दुसरी चूक कागदांची. वागळे काय, नवी मुंबईतलं रबाळे-महापे काय, एमआयडीसीचा प्लॉट लीजवर असतो आणि लीजमध्ये वापर लिहिलेला असतो. गाळेमालक "करा हो, कोण बघतंय" म्हणतो, पण नोटीस आली की तो फोन उचलत नाही (अनुभव आहे). वर्कशॉप, प्रयोग, राहणं हे तीन वेगळे वापर आहेत, मंजुरी वेगळी. कलाकारांना राहायला खोल्या काढायच्या तर आधी लेखी विचारा, गुपचूप गाद्या टाकू नका. वीजही तशीच, इंडस्ट्रियल मीटरवर प्रयोग लावले तर दर बदलतो, आणि जुनी थकबाकी आहे का तेही बघून घ्या.

आता शटर. पूर्ण शेडला एकच शटर, तेही मोटरवर, लाइट गेली की शंभर माणसं आत! बाहेर उघडणारं दुसरं दार करूनच घ्या.

आवाज घुमतो म्हणून भिंतीला अंड्याचे ट्रे चिकटवणारे आम्हीही होतो. घुमणं फारसं कमी होत नाही, शेजारच्या गाळ्यातली प्रेस तश्शीच ऐकू येते आणि वर पुठ्ठा पटकन पेटतो. शेवटी रविवारी प्रेस बंद असते म्हणून प्रयोग रविवारी ठेवले.