आधी वही घ्या, मग घाबरा: हाडाच्या कॅन्सरचा धोका कसा ओळखावा

तालुक्याच्या गावात मी गेली १९ वर्षं एक्स-रे काढते. रिपोर्ट देणं माझं काम नाही, पण पोराचा गुडघा प्लेटवर ठेवता ठेवता आई विचारतेच, "ताई, कॅन्सर तर नसेल ना? महिन्यापूर्वी पडला होता."

पडल्यानं हाडाचा कॅन्सर होत नाही. मार लागला म्हणून तिथं लक्ष जातं आणि आधीपासूनची गाठ हाताला लागते, एवढंच.

खरा धोका शोधायचा तर वही घेऊन घरातल्या सगळ्यात जुन्या माणसाजवळ बसा. पहिला प्रश्न डोळ्याचा. लहानपणी कोणाचा डोळा गाठ झाली म्हणून काढला होता का? रेटिनोब्लास्टोमा, म्हणजे डोळ्याच्या पडद्याचा कॅन्सर, हा शब्द आजी सांगणार नाही, "तो एका डोळ्यानं अधू होता" एवढंच सांगेल. मग खोदून विचारा. देवीत गेलेला डोळा मोजू नका. पण रेटिनोब्लास्टोमा आनुवंशिक प्रकारचा असेल, तर ज्याला झाला त्याला पुढे हाडाच्या कॅन्सरचा, म्हणजे ऑस्टिओसार्कोमाचा, धोका जास्त असतो. तोच जनुकदोष मुलांमध्येही उतरू शकतो.

दुसरा प्रश्न वयाचा. "काकी गाठीनं गेली" यावर थांबू नका. कुठली गाठ, कितव्या वर्षी? एकाच रक्तात पंचेचाळिशीच्या आत स्तनाचा, मेंदूचा, स्नायूंचा किंवा हाडाचा कॅन्सर दोघा-तिघांना झाला असेल, तर ते डॉक्टरांना जरूर सांगा. ली-फ्रॉमेनी नावाचा दोष असा घराण्यातून चालत येतो.

आता हात फिरवा. गुडघा, खांदा, मनगटाजवळ हाडालाच चिकटलेली टणक टेंगळं आहेत का? बापाला अशी बरीच असतील तर प्रत्येक मुलाला ती येण्याची शक्यता निम्मी. बहुतेक टेंगळं आयुष्यभर निरुपद्रवी राहतात. मात्र उंची वाढायची थांबली आणि टेंगूळ वाढतंच राहिलं, तर दाखवायला उशीर नको.

पूर्वी कॅन्सरसाठी लाइट, म्हणजे किरणांचा उपचार, घेतली असेल, तर तेही लिहा. त्या जागेच्या हाडात कित्येक वर्षांनी त्रास उद्भवू शकतो. लहान वयात घेतलेली असेल तर जास्तच. काही केमोचाही तसाच परिणाम होतो. इथं लोक माझ्या मशीनकडे संशयानं बघतात, म्हणून सांगते. गुडघ्याच्या एका एक्स-रेला जेवढे किरण लागतात, जवळपास तेवढे आपल्याला जमिनीतून आणि आभाळातून एका दिवसात आपोआप मिळतात. उपचाराची लाइट हे फार वेगळं प्रकरण, तिचा हिशोब ५०-६० ग्रेपर्यंत (ग्रे म्हणजे किरणांच्या डोसचं माप) जातो.

म्हाताऱ्या माणसांचा प्रश्न निराळा. त्यांच्या हाडातला कॅन्सर बहुधा दुसरीकडून आलेला असतो: स्तन, प्रोस्टेट, फुप्फुस. आजीची कंबर नव्यानं दुखू लागली, तर १० वर्षांपूर्वीचं स्तनाचं ऑपरेशन आधी सांगा.

आता खरी मेख. ऑस्टिओसार्कोमा सगळ्यात जास्त होतो तो १० ते २० वयात, उंची झपाट्यानं वाढताना, बहुतेक वेळा गुडघ्याच्या आसपास. आणि अशा बहुतेक मुलांच्या वहीत काहीच सापडत नाही. माझ्याकडे आलेला एक कबड्डीपटू असाच होता. घरात काही नाही, मांडीवर हळदीचा लेप, दीड महिना हाडवैद्याकडे मालिश. फिल्मवर हाडाच्या कडेनं सूर्याच्या किरणांसारख्या रेघा फुटलेल्या दिसल्या. मी काही बोलले नाही, डॉक्टरांना हाक मारली.

म्हणून वही कोरी असली तरी रात्री झोपेतून उठवणारं, दोन-तीन आठवडे न हटणारं, सूज चढत जाणारं दुखणं चोळायला नेऊ नका. समोरून आणि बाजूनं, दोन्ही फिल्म काढा. संशय आलाच तर बायोप्सी, म्हणजे गाठीचा तुकडा काढून तपासणी, जिथं ऑपरेशन होणार तिथंच करून घ्या. सुई चुकीच्या जागी गेली तर पाय वाचवणं अवघड होतं. आणि जुनी फिल्म फेकू नका, पुढच्या डॉक्टरांना जुनी आणि नवी शेजारी लावून बघायच्या असतात.